उसनी छाती

धोंडबाला भिलाईच्या कारखान्यात नोकरी लागली ती त्याच्या धाकट्या भावाच्या छातीवर. ही गोष्ट चारच माणसांना ठाऊक होती: खुद्द धोंडबा, त्याची बायको मथुरा, भाऊ चंपत, आणि ज्याच्या पडवीत ते राहत होते तो रेल्वेतला भाऊराव.

धोंडबा मूळचा तुमसरकडच्या एका मँगनीजच्या खाणीतला. खडकात सुरुंगाची भोकं पाडायचं त्याचं काम. मिसरूड फुटायच्या आधीपासून ती भुकटी त्याच्या नाकातोंडात गेली. मग खोकला लागला, चढावर दम लागायला लागला. खाणीच्या डॉक्टरने छातीला नळी लावली, पाठीवर बोटं वाजवली आणि म्हणाला, "हे आता साफ व्हायचं नाही. धुळीपासून लांब राहा." लांब राहून खायचं काय, ते त्याने सांगितलं नाही. मुकादमाने मात्र लगेच धोंडबाच्या जागी दुसरा माणूस उभा केला.

त्या वर्षांत भंडाऱ्यापासून बालाघाटपर्यंत सगळीकडे एकच बोलणं होतं. भिलाईला रशियन लोकांच्या मदतीने लोखंडाचा कारखाना उभा राहतो आहे, माणसं लागताहेत. गावंच्या गावं गाडीत बसत होती. धोंडबानेही मथुरेला आणि लहानग्या कांताला घेतलं आणि निघाला. भिलाईजवळच्या चरोद्याला भाऊराव रुळांच्या कामावर गँगमन होता, मथुरेच्या माहेरच्या गावचा. त्याने आपल्या क्वार्टरच्या मागे पत्र्याची पडवी काढून दिली.

"लागंल काम. इथं कोनाले नाई लागत?" भाऊराव म्हणाला होता.

धोंडबाला लागलं नाही. सकाळी उठून तो ठेकेदारांच्या तंबूंपाशी जाऊन उभा राहायचा. मुनशी रांगेवरून चालत यायचा, दंड चाचपायचा, मातीचं घमेलं उचलून चढावर न्यायला सांगायचा. धोंडबा घमेलं न्यायचा, पण वर पोचल्यावर खोकल्याची जी उबळ यायची ती सगळ्यांना ऐकू जायची. "बाजू हो जाओ," मुनशी म्हणायचा. दुर्गच्या कामदिलाऊ कचेरीत, जिला सगळे नुसतं एक्सचेंज म्हणत, तिथंही त्याने नाव घातलं. रांगेत पंजाबी होते, मद्रासी होते, बिहारी होते. एकदा त्याच्या शेजारी एक छत्तीसगढी म्हातारा बसला होता, पोराच्या नावाची चौकशी करायला आलेला. "मोर खेत ऊपर भट्ठी बनत हे," म्हातारा म्हणाला. त्यात राग नव्हता. आपलं घर कुठल्या आळीत आहे हे सांगावं तसं त्याने सांगितलं. ज्याच्या शेतावर भट्टी उभी राहते आहे त्या माणसाचा हक्क आपल्याआधी आहे हे धोंडबाला कळत होतं, आणि ते कळून पोट भरत नव्हतं.

असाच उन्हाळा गेला, पावसाळा गेला. मथुरेची जोडवी गेली. मग गावाहून चंपत आला.

चंपत आडव्या हाडाचा, उंच. लहानपणी बैलाचं शिंग लागून त्याची डावी भुवई मधोमध तुटली होती, त्यामुळे तो नेहमी काहीतरी विचारतो आहे असं वाटायचं. दोघा भावांची आई चंपत रांगत होता तेव्हाच वारली. मथुरा त्या घरात लग्न होऊन आली ती त्याला कडेवर घेऊनच फिरली. चंपतला बघून मुनशीने दंडही चाचपला नाही. पहिल्याच दिवशी त्याला लोखंडी सळया वाहायच्या कामावर घेतलं. पडवीतली चूल त्याच्या रोजीवर पेटायला लागली. त्यानेही एक्सचेंजमध्ये नाव घातलं, पण त्याचा नंबर धोंडबाच्या फार मागे होता.

आणि एक दिवस धोंडबाला बोलावणं आलं. कोक ओव्हनसाठी, म्हणजे दगडी कोळसा भाजून कोक करायच्या भट्ट्यांसाठी, खलाशी, म्हणजे अंगमेहनतीचे मजूर, पाहिजे होते. मुलाखत घेणाऱ्या साहेबाने खाणीत काय करत होतास एवढं विचारलं आणि मान डोलावली. धोंडबा घरी आला, भिंतीला टेकून बसला आणि ताट समोर येऊनही जेवेना.

"का झालं?" मथुरेने विचारलं.

"पास झालो."

"मंग असं तोंड कावून केलं?"

"आता मेडिकल हाये. मशिनीतून छातीचा फोटो काढतेत. त्याच्यात सगळं दिसते."

मथुरा भाकर थापत होती. हातातली भाकर तव्यावर टाकून तिने चंपतकडे पाहिलं.

"भाऊजी, तुमी जा ना."

"कुठी?"

"मेडिकलले. तिथं कोन ओळखते यायले? धोंडबा म्हनून नाव सांगा. छाती मोजतीन, फोटो काढतीन, झालं."

"येडी झाली का तू?" धोंडबा ओरडला आणि त्याला खोकला आला. तो थांबल्यावर म्हणाला, "पकडलं तं दोघंबी जेलात जाऊ."

"आन असेच बसून राह्यलो तं? आपून सगळे जाऊ, या पोरीसकट."

चंपतने कांताकडे पाहिलं. ती चुलीपाशी बसून पिठाच्या गोळीशी खेळत होती. तो हसला. "जातो मी. तू कावून भेतो दादा? माही छाती का कमी होनार हाये?"

दवाखान्यात एक जाडा, पान खाणारा कंपाउंडर होता, सगळ्यांची थट्टा करणारा. "नाम?" "धोंडबा." "बाप का नाम?" चंपतने बापाचं नाव सांगितलं. तेवढं एक तरी खरं होतं. "सीना फुलाओ." चंपतने छाती फुगवली. "अरे वाह, पहलवान!" कंपाउंडर म्हणाला. मग त्याच्या भुवईवर बोट ठेवून विचारलं, "ये किसने किया?"

"बैल ने मारा था. छोटा था तब."

कंपाउंडरने ते लिहून घेतलं.

नोकरीचा हुकूम आला तेव्हा भाऊरावने जिलबी आणली. पण कागद वाचताना तो मधेच थांबला. "इथं अंगावरची खून लिहिली हाये, ओळखीची," तो म्हणाला. "डाव्या भुवईत जुन्या जखमेची. गेटवर पास बनवते वेळेस पायतेत हे."

तिघंही धोंडबाच्या अखंड भुवईकडे बघत राहिले.

हजर व्हायला अजून वेळ होता, तेवढ्यात जखम भरून येण्यासारखी होती. भाऊराव दाढीचा वस्तरा घेऊन आला. चंपतने तो हातात घेतला आणि खाली ठेवला. भाऊरावने घेतला, त्याचाही हात पुढे जाईना. शेवटी मथुरेने पदर खोचला. "डोये मिटा," ती नवऱ्याला म्हणाली, आणि एका हाताने त्याचं कपाळ धरून तिने वस्तरा ओढला. रक्त डोळ्यात उतरलं. तिने हळद दाबली, चिंधी बांधली, आणि मग बाहेर रुळाच्या बाजूला जाऊन ओकली. बापाचं तोंड बघून कांता किंचाळत होती. तिला चंपतने उचलून लांब नेलं.

खूण चंपतच्या खुणेपेक्षा मोठीच झाली. गेटवर कोणी काही विचारलं नाही.

पुढची दोनेक वर्षं त्या घरातली बरी वर्षं. धोंडबाला क्वार्टर मिळालं. एक खोली, स्वयंपाकाची जागा, ओटा, नळ. पहिल्या दिवशी मथुरेने विजेचं बटण किती वेळा दाबलं याला सुमार नाही. कांता शाळेत जायला लागली आणि घरी येऊन हिंदीत भांडायला लागली. धोंडबा भट्टीच्या माथ्यावर कामाला होता. पायाखाली आग, तोंडावर धूर. तो नाकाला गमछा बांधून उभा राहायचा. जिना चढताना मधे थांबायला लागलं तर बुटाची नाडी बांधायचं निमित्त करायचा. बरोबरीचे लोक चांगले होते. त्याच्या वाटणीचं जड काम न बोलता उचलायचे.

चंपत ओट्यावर झोपायचा आणि ठेकेदाराकडे सळया वाहायचा. आमगावच्या एका घरून त्याच्यासाठी मुलगी सांगून आली. मुलीचा बाप चांगला होता. "ठेकेदारीचं काम काय, आज हाये उद्या नाई," तो म्हणाला. "पक्की लागू द्या, मंग बार उडवू." मुलगी चंपतने एकदाच पाहिली होती. तिने पाण्याचा पेला पुढे करताना त्याच्या भुवईकडे बघून हसू दाबलं होतं, ते तो विसरला नव्हता.

मग त्याचंही बोलावणं आलं, रोलिंग मिलसाठी. मुलाखत झाली. मेडिकलच्या दिवशी मथुरेने त्याला दही-साखर दिली. तो दवाखान्यात गेला, सदरा काढून रांगेत उभा राहिला, आणि पुढे सरकत सरकत टेबलापाशी आला. समोर तोच कंपाउंडर होता.

"तू तो पहले आ चुका है," कंपाउंडर म्हणाला.

"नहीं साहब."

"अरे, ये भौंह मैं भूलूँगा? बैल ने मारा था न?"

चंपतचा हात भुवईकडे गेला. "वो मेरा भाई था, साहब."

कंपाउंडर मोठ्याने हसला. "दोनों भाइयों को एक ही बैल ने मारा? और एक ही जगह?" रांगेतले लोकही हसले. कंपाउंडरच्या मनात काही नसेलही. थट्टा करायची त्याला सवयच होती. पण तो उठला. "ठहर, पुराना कागज निकालता हूँ," असं म्हणत आतल्या खोलीत गेला.

चंपतने सदरा उचलला आणि तो बाहेर पडला. पळाला नाही. फाटकापर्यंत चालत गेला, मग रस्ता सोडून रुळाच्या कडेने चालत राहिला. कागद निघाला असेल का, त्यावरच्या नावाचा माणूस आत्ता भट्टीच्या माथ्यावर उभा आहे हे त्यांना कळलं असेल का, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. संध्याकाळ व्हायला आली तेव्हा तो क्वार्टरवर आला. पोलीस आलेले नव्हते. धोंडबा ओट्यावर बसून कांताचं दप्तर शिवत होता.

"नापास केलं," चंपत म्हणाला. "डोयात. रंग नाई ओळखू आले."

मथुरेच्या हातातला तांब्या तसाच राहिला. "तुमाले रंग नाई ओळखू येत?"

"नाई येत."

धोंडबा दप्तर शिवत राहिला. दुसऱ्या दिवशी दाढी करायला बसला असताना त्याने आरशातून चंपतला विचारलं, "कंपाउंडर तोच होता?"

चंपतने आरशातून नजर काढून घेतली.

"म्हंजे माह्यामुळं."

"तुह्यामुळं नाई. जाऊ दे ना दादा. दुसरं काई लागंल."

दुसरं काही लागलं नाही. कारखाना उभा राहत आला तसे ठेकेदार तंबू गुंडाळायला लागले. ज्यांनी तो बांधला त्यांच्यातल्या पुष्कळांना आत जागा नव्हती. सळया वाहणारी माणसं रोज सकाळी जायची आणि परत यायची. चंपत राजनांदगावच्या गिरणीत विचारून आला, गोंदियाच्या राइस मिलमध्ये हंगामभर राहून आला, नागपूरला जाऊन फुटपाथवर झोपून आला. आमगावच्या मुलीचं लग्न भंडाऱ्याच्या एका कंडक्टरशी झालं. हे त्याला भाऊरावकडून कळलं. तो फक्त "बरं झालं" म्हणाला. हळूहळू त्याने बाहेर जायचं सोडलं. दिवस दिवस ओट्यावर बसून राहायचा. शेजारी ड्युटीवर जाताना हाक मारायचे, तर तो आत उठून जायचा. त्याचे दंड सुटले. मथुरा त्याच्या पुढ्यात ताट ठेवायची तेव्हा तो तिच्याकडे बघत नसे.

धोंडबा हे सगळं बघत होता. एक दिवस तो कामावरून दुपारीच परत आला. अंगावर कारखान्याचे कपडे नव्हते.

"सोडली," तो म्हणाला.

"का सोडली?" काय सोडली ते मथुरेला कळेना.

"नोकरी. लिहून देऊन आलो. घरगुती कारन म्हनून."

मथुरा जागच्या जागी खाली बसली. "कोनाले इचारून सोडली?" तिचा आवाज आधी हळू होता. "बोला ना, कोनाले इचारून? मी वस्तरा धरला होता या हातानं! तुमच्या रक्तात बुडाला होता हा हात. ते कावून केलं होतं मी? आज पोरीले घेऊन कुठी जाऊ?"

"मी तिथं हाये तोवर चंपत त्या दवाखान्याची पायरी चढू शकत नाई," धोंडबा म्हणाला. "मी हटलो तं माह्या कागदाकडं कोन पायते? त्याची वाट अडवून बसलो होतो मी. आन माहं असंबी किती दिवस चाललं असतं?"

चंपत दारात उभा होता. "मी मांगितलं होतं का तुले?" तो म्हणाला. "माही छाती घेतली तू, आन अशी फुकट घालवली?"

शब्द तोंडातून गेल्यावर त्याला ते परत घ्यावेसे वाटले. धोंडबाने नुसती मान हलवली, जणू एखाद्या हिशेबाला हो म्हणतो आहे. त्यांच्यात पुढे कधी त्याबद्दल बोलणं झालं नाही.

क्वार्टर सुटलं. सामान हातगाडीवर घालून ते परत चरोद्याला भाऊरावच्या पडवीत आले. मथुरा बांधकामावर रेजा म्हणून, बायामजुरांत, विटा वाहायला जायला लागली. कांताची शाळा लांब पडली म्हणून सुटली. चंपत दुर्गला एक्सचेंजमध्ये गेला तेव्हा तिथल्या बाबूने सांगितलं की मेडिकलला जो गैरहजर राहतो त्याचं नाव सगळ्यात खाली जातं. किती खाली, ते बाबूलाही सांगता येईना.

तरी तो जात राहिला. धोंडबाच त्याला पाठवायचा. आता त्याला झोपूनही धाप लागायची. पडवीच्या कुडाला टेकून बसल्या बसल्या तो रात्र काढायचा. पण उजाडलं की पहिला प्रश्न तोच: "आज जातो ना एक्सचेंजले?" त्या प्रश्नाचा चंपतला इतका तिटकारा आला की कधी कधी तो दुर्गच्या लोकलमध्ये बसायचा आणि स्टेशनवरच दिवस काढून परत यायचा. घरी सांगायचा, "जाऊन आलो. काई नाई अजून."

बोलावणं आलं तेव्हा कोणालाच त्याची आशा राहिली नव्हती. चंपत मुलाखतीला गेला, आणि मग त्याच दवाखान्यात मेडिकलला गेला. टेबलामागे एक नवा पोरगेला कंपाउंडर बसला होता. त्याने मान वर न करता नाव विचारलं, छाती मोजली, खुणेच्या जागी काहीतरी खरडलं आणि पुढे ढकललं. एक्स-रे झाला. कागदावर पास असं लिहून मिळालं.

बाहेर पडताना चंपतने पट्टेवाल्याला विचारलं, "वो मोटे कंपाउंडर साहब कहाँ गए?"

"कौन, वो पान वाले? अरे, उनको तो गए जमाना हो गया," पट्टेवाला म्हणाला. "राजहरा की खदान में बदली हो गई." आणि त्याने सांगितलं ते साल धोंडबाने नोकरी सोडली त्याच्या आधीचं होतं.

चंपत दवाखान्याच्या आवारातल्या कडुलिंबाखाली बसला. हातात कागद होता. लोक येत होते, जात होते. एकाने त्याला विचारलंही, फेल हुआ क्या? त्याने मान हलवली, हो की नाही ते त्याला स्वतःलाच कळलं नाही. एकदा, फक्त एकदा कोणाला तरी विचारायला पाहिजे होतं. ना त्याने विचारलं, ना धोंडबाने. दोघंही त्या इमारतीच्या रस्त्यानेसुद्धा जात नव्हते.

तो चरोद्याला आला तेव्हा मथुरा नुकतीच कामावरून आली होती. केसांत विटांची लाल धूळ होती. धोंडबा कुडाला टेकून बसला होता.

"लागली," चंपत म्हणाला.

मथुरेने तोंडाला पदर लावला. धोंडबाचे डोळे मोठे झाले. "कोनतं खातं?"

चंपतला ते सांगायचं नव्हतं. पण आज ना उद्या कळणारच होतं. "कोक ओव्हन."

धोंडबाने कुडावरची पाठ सरळ केली. मग म्हणाला, "गमछा ओला करून बांधत जा. कोरड्यानं काई होत नाई." आणि जरा थांबून, "बदलीसाठी अर्ज देजो लवकर. माह्यासारखा बसून राहू नको."

"देतो."

"आन तो कंपाउंडर? काई बोलला?"

मथुराही बघत होती. चंपतने पाण्याचा तांब्या उचलला, घोटभर प्यायला आणि खाली ठेवला.

"नाई. माह्याकडं पाह्यलंबी नाई त्यानं."

"पाय!" धोंडबा मथुरेकडे वळून म्हणाला. त्याचा श्वास पुरत नव्हता, तरी तो बोलत होता. "मी म्हनत होतो ना तुले? मी सोडली म्हनून झालं हे. तू उगाच रागावली माह्यावर." तो हसला. मथुरेने चंपतच्या तोंडाकडे पाहिलं, बराच वेळ, आणि मग ती चुलीपाशी गेली.

त्या दिवशी धोंडबा पुष्कळ दिवसांनी पोटभर जेवला. भाऊराव आला तेव्हा त्यालाही त्याने तेच पुन्हा सांगितलं, कांतालाही सांगितलं. चंपत दर वेळी हो म्हणत राहिला.

पुढच्या पावसाळ्यात धोंडबा वारला, दुपारी. चंपत तेव्हा भट्टीच्या माथ्यावर होता. निरोप त्याच्यापर्यंत पोचायला वेळ लागला, आणि निरोप पोचल्यावरही जागेवर दुसरा माणूस येईपर्यंत त्याला तिथंच उभं राहावं लागलं.